यंत्राची हांक

(नभोवाणीवरील भाषण)



आज रात्रीं निजण्यापूर्वीं घरचे दिवे मालविल्यावर क्षणभर थांबून दिवाणखान्याच्या कोपऱ्याकडे पाहावें. ज्या घरांत काचेच्या तंतूवरून दूरध्वनि व इंटरनेट येतें, त्या घरांत भिंतीवर एक लहानशी पेटी बसविलेली असते आणि तिच्या तोंडावर चारपांच बारीक दिवे असतात. त्यांतील एका दिव्यापाशीं बहुधा एल. ओ. एस. हीं तीन इंग्रजी आद्याक्षरें छापलेलीं आढळतील. हा दिवा नेहमीं विझलेला असतो, आणि तो विझलेला असावा अशीच त्याची योजना आहे. ज्या दिवशीं तो तांबडा होऊन लुकलुकूं लागतो, त्या दिवशीं मुलांचा अभ्यास खोळंबतो, परदेशीं असलेल्या लेकीशीं चाललेलें बोलणें अर्ध्यावर तुटतें, आणि घरांतील कोणीतरी पुढें होऊन त्या बिचाऱ्या पेटीलाच दोन चापट्या मारून पाहतो.

वास्तविक पेटीचा त्यांत कांहीं अपराध नसतो. काचेच्या तंतूंतून जो प्रकाश आपल्यापर्यंत पोहोंचावयास हवा तो पोहोंचत नाहीं, एवढेंच ती सांगत असते. दारीं येऊन "पुढचा पूल वाहून गेला" अशी वर्दी देणाऱ्या माणसाला आपण मारीत नाहीं. त्याला पाणी देतों आणि कोणता पूल, केव्हां गेला, हें विचारतों.

दळणवळणाचीं यंत्रें आपलें दुखणें कशा रीतीनें सांगतात, आणि तें ऐकून घेण्याची व्यवस्था माणसानें कशी केली आहे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय यंत्रांचा असला तरी तो केवळ यंत्रज्ञांनीं ऐकावा असा नाहीं. मध्यरात्रीं घरांत कोणाच्या छातींत कळ आली आणि रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक फिरविला, तर तो लागतो कीं नाहीं, हें पुष्कळदां कोठल्यातरी बंद खोलींत चार तासांपूर्वीं वाजलेली एक घंटा कोणी ऐकली होती कीं नाहीं, यावर अवलंबून असतें.

ही घंटा दूरध्वनीइतकीच जुनी आहे. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत १८८२ सालीं टेलिफोन एक्स्चेंजें उघडलीं. त्या पिढींतील फळ्यांवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या क्रमांकाची एक लहानशी झडप असे. गिऱ्हाइकानें आपल्या यंत्राचा दांडा फिरविला कीं विजेच्या जोरानें झडपेची कडी सुटे, झडप खालीं पडे, आणि कोण बोलावतो आहे तें समोर बसलेल्या चालकास दिसे. दिवसां एवढें पुरे होतें. रात्रीं मात्र काम थोडें आणि डोळा लागण्याचा संभव अधिक. म्हणून झडप पडतांच तिच्या मागचा विजेचा सांधा जुळून एक घंटा वाजूं लागावी, अशी जोडणी करून ठेवीत. तिला रात्रीची घंटा असेंच म्हणत. डोळा मिटतां येतो, कान मिटतां येत नाहीं, हें साधें शहाणपण त्या घंटेच्या मुळाशीं होतें.

पुढें हातानें जोडण्याचें काम यंत्रांकडे आलें आणि एकेका केंद्रांत हजारों सुटे भाग रांगेनें उभे राहिले. त्यांतील एखादा बिघडला तर तो शोधावा कसा? यावर निघालेली एक युक्ति मला फार मनोहर वाटते. दूरध्वनि केंद्रांतील यंत्रें अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. दोन व्होल्टचे चोवीस विद्युद्घट एकापुढें एक जोडले म्हणजे ही बॅटरी सिद्ध होते, आणि हेंच माप आजच्याही कित्येक दळणवळण-यंत्रांत टिकून राहिलें आहे. या बॅटरींतील वीज लहान लहान फ्यूजांतून वाटली जाते. घरांतील फ्यूज वितळला तर दिवे जातात व आपणांस तें तत्काळ कळतें. परंतु शेंकडों फ्यूजांच्या रांगेंत एकच मुकाट्यानें वितळला, तर त्याला हुडकावयाचें कसें? म्हणून या फ्यूजांत एक चिमुकली स्प्रिंग ताणून बसवितात. फ्यूजची तार वितळली कीं स्प्रिंग मोकळी होऊन टुणकन् उसळते व शेजारच्या धातूच्या पट्टीला जाऊन टेकते. इंग्रजी बोलणारे कारागीर या फ्यूजला नाकतोडा म्हणत, तें उगीच नव्हे. त्या स्पर्शासरशी इशाऱ्याचें मंडल पुरें होतें; मग त्या मांडणीवरचा दिवा लागतो, त्या ओळीच्या तोंडाशीं असलेला दिवा लागतो, आणि घंटा वाजते. ती ऐकून आलेला मनुष्य प्रथम ओळ पाहतो, मग मांडणी, आणि शेवटीं उसळलेल्या नाकतोड्यावर बरोबर बोट ठेवतो.

येथें चौकस श्रोत्याच्या मनांत एक शंका येईल. दिवा लावावयास व घंटा वाजवावयास वीज लागते. मग वीजच गेली तर इशारा द्यावयाचा कोणीं? या शंकेचें उत्तर एका उदाहरणानें देतों. अशी कल्पना करा कीं, रात्रीच्या पहारेकऱ्याच्या हातीं आपण एक दोरी दिली आहे, आणि ती त्यानें सारी रात्र ताणून धरावयाची आहे. दोरी सैल झाली कीं दुसऱ्या टोकाची घंटा वाजते. आतां पहारेकरी झोंपला, मूर्च्छित पडला किंवा कोणी दोरीच कापली, तरी तिन्ही प्रसंगीं घंटा वाजणारच. इशाऱ्याच्या रिलेची रचना पुष्कळ ठिकाणीं अशीच करतात. यंत्र धडधाकट असेपर्यंत वीज त्या रिलेला ओढून धरते. वीज गेली कीं रिले सुटतो, आणि त्याचें सुटणें हाच इशारा होतो. घंटा अर्थात् दुसऱ्या, शाबूत असलेल्या विजेवर वाजते. प्रकृति ठीक असल्याचा निरोप अखंड चालूं ठेवावयाचा आणि तो थांबला कीं धोका समजावयाचा, हें या साऱ्या शास्त्राचें पहिलें सूत्र होय.

आपल्या घरच्या पेटींतही याच विचाराचा एक अंश आहे. वीज गेली कीं ती पेटी मरते; परंतु कित्येक पेट्यांत वीज क्षणभर धरून ठेवणारा एक भाग असतो, आणि त्या सेकंदाच्या अल्पशा अंशांत पेटी केंद्राकडे एक शेवटचा निरोप धाडते कीं, माझी वीज गेली. यंत्रज्ञांच्या भाषेंत या निरोपाला मरतांनाचा अखेरचा श्वास असें नांव आहे. त्याचा उपयोग मोठा आहे. हा निरोप पोहोंचला तर घरची वीज गेली असें केंद्रांत समजतात. निरोप न येतां पेटी एकाएकीं गप्प झाली, तर वाटेंत तंतु तुटला असावा असा संशय येतो, आणि माणसें रस्त्यावर निघतात.

मात्र हांक मारण्याची सोय केली म्हणजे सर्व झालें असें नाहीं. रस्ता खोदतांना एक मोठी दोरी तुटली, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेलीं शेंकडों यंत्रें एकदम ओरडूं लागतात. केंद्रांतील पडद्यावर तांबड्या ओळींचा पाऊस पडतो, आणि ज्या एका ठिकाणीं खरा घाव बसला आहे तें ठिकाण त्या कोलाहलांत हरवतें. यावर योजलेला उपाय ऐकण्यासारखा आहे. आपल्या देशांत व युरोपांत पुष्कळ काळ प्रचलित असलेल्या एका पद्धतींत एकाच वाटेवरून तीस संभाषणें जातात, आणि त्यांसाठीं दर सेकंदास २० लक्ष ४८ हजार अंक धांवतात. हे अंक केवळ शून्य आणि एक. वाटेंतील एखाद्या यंत्राकडे मागून येणारा प्रवाह बंद पडला, तर तें यंत्र पुढें केवळ एक, एक, एक असा एकाच अंकाचा अखंड प्रवाह सोडतें. त्याचा अर्थ असा कीं, बिघाड माझ्या मागें आहे, तो मला कळला आहे, तुम्ही आपापलीं दुखणीं समजून घाबरूं नका. हा निरोप मिळालेलीं पुढचीं यंत्रें आपली ओरड आवरतात. उलट दिशेनें दुसरा निरोप जातो: तुमचें बोलणें मजपर्यंत पोहोंचत नाहीं. अशा रीतीनें ज्याला प्रथम कळलें त्यानें बोलावें आणि बाकीच्यांनीं गलका करूं नये, ही सभेची रीत यंत्रांनाही शिकवावी लागली.

त्याचप्रमाणें प्रत्येक हांकेची तीव्रता ठरवावी लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९२ सालीं एक्स. ७३३ या क्रमांकाची जी शिफारस केली, तींत बिघाडाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. सेवा बंद पडली व तत्काळ धांवलें पाहिजे, ती पहिली. सेवा खालावली व त्वरा हवी, ती दुसरी. सेवेला अजून धक्का नाहीं पण दुरुस्ती करून ठेवावी, ती तिसरी. आणि पुढें बिघाड होण्याचा संभव दिसतो, ती चौथी. शिवाय ज्याची तीव्रता ठरवितां येत नाहीं तो प्रकार वेगळा, आणि बिघाड निवारला गेल्याची सूचनाही वेगळी. ही शेवटची सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. दुखणें सांगणाऱ्यानें बरें झाल्याचेंही सांगितलें पाहिजे. नाहींतर वैद्याला सारे रोगी सदैव आजारीच दिसतील.

आतां आपल्या विषयाच्या अवघड भागाकडे येतों. इशाऱ्याच्या फळीवर बहुधा एक बटण असतें. तें दाबलें कीं घंटा थांबते. दिवा मात्र बिघाड दुरुस्त होईपर्यंत तसाच राहतो. "ऐकलें, आतां कामाला लागतों," असें म्हणण्यासाठीं तें बटण आहे. परंतु मनुष्याचा स्वभाव असा कीं, आवाज थांबला म्हणजे काम झालें असें त्याला वाटूं लागतें.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी नुकताच नोकरीस लागलों होतों आणि एका लहान शहरांतील केंद्रांत मला रात्रपाळीस पाठविलें होतें. माझ्याबरोबर निवृत्तीस आलेले एक तंत्रज्ञ होते. त्यांना सारे नाना म्हणत. पहिल्याच रात्रीं मला दिसलें कीं, भिंतीवरील घंटेच्या वाटींत कापडाचा एक बोळा कोंबलेला आहे. मीं विचारलें तेव्हां नाना म्हणाले, "साहेब, ही रात्रभर केकाटते. उठून जाऊन पाहावें तों तिकडे कांहीं नसतें. खोटारडी आहे मेली." दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचे वरिष्ठ अभियंते आले. त्यांचें लक्ष त्या बोळ्याकडे गेलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं बोळा काढून टेबलावर ठेवला व शांतपणें म्हणाले, "नाना, ती खोटें बोलते असें तुम्हांला वाटतें ना? मग तिची साक्ष तपासूं या. तोंड कशाला बांधलेंत?"

त्या रात्रीं आम्ही तिघेही जागलों आणि घंटा वाजली कीं तत्क्षणीं उष्णतामापक पाहूं लागलों. पहांटेपर्यंत उलगडा झाला. खोलींत हवा आणणाऱ्या झरोक्यावरची गाळणी धुळीनें गच्च भरली होती. खोलीची उष्णता चढत चढत नेमून दिलेल्या मर्यादेला टेके, घंटा वाजे. नाना उठून आंत जाईपर्यंत ती अर्ध्या अंशानें उतरे व इशारा आपोआप मिटे. घंटा प्रत्येक वेळीं खरेंच बोलत होती. ती कांठावर उभी राहून बोलत होती, एवढेंच. आम्हीं गाळणी धुतली. नंतर वरिष्ठांनीं इशाऱ्याची मांडणीही बदलविली. तो एका अंशावर लागावा आणि त्याच्याहून दोनतीन अंश खालीं उतरल्यावरच सुटावा, असें केलें, म्हणजे कांठावरची ही चालबिचल थांबली. नानांनीं तो कापडाचा बोळा उचलून त्यानेंच घंटेची वाटी पुसली. मला वाटतें, माझ्या नोकरींतील पहिला धडा मला त्या वाटींत मिळाला. वरचेवर वाजणारी घंटा ऐकणाऱ्याला बहिरें करते, हें खरें. पण त्यावर उपाय घंटेच्या कारणापाशीं असतो.

आमच्या त्या केंद्रांत कांहीं नुकसान झालें नाहीं. परंतु सर्वत्र असें होत नाहीं. १९९१ सालच्या सप्टेंबरच्या १७ तारखेस न्यूयॉर्क शहरांत जें घडलें, तें आजही या व्यवसायांतील माणसें एकमेकांस सांगतात. त्या दिवशीं उकाडा फार होता आणि शहराच्या वीज कंपनीवरील भार हलका करण्यासाठीं, पूर्वीं ठरलेल्या कराराप्रमाणें, ए. टी. अँड टी. या दूरध्वनि कंपनीनें थॉमस स्ट्रीटवरील आपलें प्रचंड केंद्र सकाळीं दहाच्या सुमारास स्वतःच्या जनित्रावर चालविण्यास घेतलें. हा बदल होत असतां विजेचें रूपांतर करून बॅटऱ्या भरीत राहणारीं यंत्रें बंद पडलीं. तरी कोणाचा दूरध्वनि तुटला नाहीं, कारण बॅटऱ्यांनीं भार उचलला. बॅटऱ्यांचा हा सद्गुणच त्या दिवशीं घातक ठरला. बाहेरून पाहतां सर्व कांहीं सुरळीत दिसत होतें, आणि आंत सुमारें सहा तासांची शिदोरी घटकेघटकेनें संपत होती.

इशारे नव्हते असें नाहीं. कांहीं निकामी झालेले होते. कांहीं लागले होते, पण ते पाहावयास तेथें कोणी नव्हतें. विजेचा असा बदल केल्यावर माणसानें प्रत्यक्ष फेरी मारून सारें तपासावें असा कंपनीचाच नियम होता; ती फेरी झाली नाहीं. आणि दैवाचा खेळ असा कीं, ज्यांनीं तें पाहावयाचें तीं माणसें त्या दिवशीं एका शिक्षणवर्गाला गेलीं होतीं, आणि त्या वर्गाचा विषय होता इशाऱ्यांची नवी यंत्रणा!

दुपारीं पांच वाजण्यास कांहीं मिनिटें असतां बॅटऱ्या संपल्या. सुमारें पन्नास लक्ष दूरध्वनि अडले. विमानांना मार्ग दाखविणाऱ्या केंद्रांचें परस्परांशीं दळणवळणही त्याच इमारतींतून जात होतें. तें तुटतांच न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या विमानतळांवरील वाहतूक कित्येक तास खोळंबली आणि हजारों प्रवासी अडकून पडले. सुदैवानें विमानांचा अपघात झाला नाहीं. पुढें चौकशी झाली, आणि १९९२ सालीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें मोठ्या बिघाडांची वर्दी देणें कंपन्यांना बंधनकारक केलें.

या हकीकतींत मला सर्वांत अस्वस्थ करतें तें सहा तासांचें अंतर. यंत्रानें सकाळींच सांगितलें होतें. तें ऐकणारा एक मनुष्य, एक कंदील आणि जिन्यावरून मारलेली एक फेरी, एवढ्यानें तें सर्व टळलें असतें. बिघाड कोणत्याही यंत्राला चुकत नाहीं. बिघाड आणि अनर्थ यांच्यामध्यें जें अंतर असतें तें इशाऱ्यानें मिळवून दिलेलें असतें, आणि तें वापरणें मात्र माणसाच्या हातीं राहतें.

आज एकेका शहरांतील हजारों यंत्रांचे इशारे दूरच्या एका खोलींतील पडद्यांवर गोळा होतात. तेथेंही जुनें शहाणपण सोडून चालत नाहीं. यंत्रांनीं धाडलेले कांहीं निरोप असे असतात कीं, ते पोहोंचले कीं नाहीं याची पोंच येत नाहीं. टपालांत टाकलेल्या साध्या कार्डासारखे ते वाटेंत हरवूं शकतात. म्हणून ती मध्यवर्ती व्यवस्था केवळ वाट पाहत बसत नाहीं. ठराविक वेळानें ती प्रत्येक यंत्राला स्वतःहून विचारते, "आहेस ना?" उत्तर आलें नाहीं तर तीच धोक्याची खूण धरावयाची. पण त्या खोलींतही शेवटीं कोणीतरी बसलेला असतो, आणि त्यानें थोड्या थोड्या वेळानें आपणासही विचारावयाचें असतें कीं, मी जागा आहें ना?

श्रोत्यांच्या स्वतःच्या घरीं करण्याजोगी गोष्ट लहानशी आहे. पेटीवरील दिव्यांची नीट स्थिति कशी असते, ती एकदां पाहून ठेवावी. तांबडा दिवा लुकलुकूं लागला तर पेटीला न मारतां, पेटीपाशीं तंतु कोठें मुरडला वा निसटला आहे काय तें पाहावें, आणि तक्रार करतांना नुसतें "चालत नाहीं" असें न सांगतां कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे तें सांगावें. पलीकडच्या माणसाचें निम्में काम तेवढ्यानें हलकें होतें.

आणि आज रात्रीं तो दिवा विझलेला दिसला, तर सुखानें निजावें. तो विझलेला आहे याचा अर्थ तंतूंतून प्रकाश अखंड येत आहे. पहारेकऱ्यानें दोरी ताणून धरली आहे. तिच्या दुसऱ्या टोकाशीं, घंटेजवळ, कोणीतरी माणूस आपल्यासाठीं जागा बसलेला आहे.